काकांचं सांवालरी गाव

फ्रान्स देशातल्या एका लहानशा गावाची मला जेवढी माहिती आहे, तेवढी आमच्या तालुक्याच्या म्हसळ्याचीसुद्धा नाही. त्या गावात मी कधी गेले नाही, आणि या गुडघ्यांनी आता जाण्याचा प्रश्नच येत नाही. पण कुणी डोळे बांधून मला तिथल्या धक्क्यावर नेऊन सोडलं, तर वरच्या गावात कसं जायचं, जुन्या वेशीतून कुठे वळायचं, खलाशांचं देऊळ टेकडीवर कोणत्या बाजूला आहे, हे मी न चुकता सांगेन. पुढे शाळेत भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. पोरांना नकाशे घोकायला लावले, छड्याही मारल्या. पण मी स्वतः पहिला नकाशा शिकले तो आमच्या मागच्या पडवीत, सारवलेल्या जमिनीवर कोळशानं काढलेला, या सांवालरी गावाचा. तो काढणारे माझे काका कधी शाळेत गेलेले नव्हते.

काका म्हणजे बाचे धाकटे भाऊ गोविंद. मोठ्या लढाईच्या वेळी ते मजुरांच्या पलटणीत भरती होऊन बोटीनं फ्रान्सला गेले. तिथे त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. बोटीतला माल उतरवायचा, लाकडं वाहायची, कालव्याचा गाळ काढायचा, हे काम. इकडे मानमोडीच्या साथीत काकू गेली, हे त्यांना परत येऊन उंबऱ्यात पाय ठेवल्यावर कळलं. तेव्हापासून ते आमच्यातच राहिले. छातीत खोकला, अंगावर एक खाकी डगला, आणि बोलायला ते गाव, एवढंच त्यांनी आणलं. दुसरं लग्न कर म्हणून बानं खूप सांगून पाहिलं. काका नुसते हसायचे आणि पडवीत जाऊन कोळसा हातात घ्यायचे.

आमचं गाव खाडीकाठचं. म्हसळ्याकडून येणारी ती खाडी पुढे आगरदांड्याला दर्याला मिळते. तिच्या अलीकडच्या एका वळणावर पन्नाससाठ घरं, मागे डोंगर, आणि पुढे खार. खार म्हणजे खाडीच्या पाण्याला मातीचा लांब बांध घालून अडवलेली शेतजमीन. भरतीला बांधाबाहेरचं पाणी आमच्या भातापेक्षा उंच असायचं. बांधाच्या पोटात पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी होती, तिला जाड फळीचं झाकण. ओहोटीला झाकण आपोआप उघडायचं, भरतीला पाण्याच्या रेट्यानं धप्पकन बसायचं. तो आवाज घरात ऐकू यायचा. आई त्यावरून भरतीची वेळ ओळखायची. पाहुण्यांना त्या आवाजानं दचकायला व्हायचं. आम्हाला तो ऐकू आला नाही तरच चुकल्यासारखं वाटायचं.

खाणं साधं. तांबड्या तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, नाहीतर सुकट घालून केलेलं काहीतरी. काका भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगायचे, "सांवालरीला मेंढ्या खारं गवत खातात बघ. भरतीचं पाणी येऊन गेलं की तेच गवत. त्या मटणाला मीठ घालावं लागत न्हाय म्हणतात." आई म्हणायची, "भावजी, तुमी खाल्लंव का?" काका म्हणायचे, "आमाला कोन देतंय!" आणि सगळे हसायचे. आमच्या घरात हसण्याची कमी नव्हती, हे मुद्दाम लिहिते. पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की आम्ही सदा तोंड पाडून बसायचो.

ते गाव नदीच्या मुखावर होतं. वरचं गाव टेकडीवर, तटबंदीतलं, खालचं धक्क्याकडेला, आणि एका अंगाला कोळ्यांची बुटकी, रंगवलेली घरं. ओहोटीला दर्या इतका मागे जायचा की दिसेनासा व्हायचा, आणि भरतीला असा यायचा की वाळूत लांब गेलेला माणूस परत फिरत नसे. फार पूर्वी एक राजा पलीकडचा मुलूख जिंकायला निघाला, त्याची गलबतं तिथे वाऱ्यासाठी अडून पडली. तेव्हा लोकांनी तिथल्या साधूच्या अस्थींची पेटी बाहेर आणून प्रार्थना केली, आणि वारा फिरला. हे ऐकलं की आमच्या गावातले म्हातारे माना डोलवायचे. देवाला बाहेर आणून गळ घालणं त्यांना पटण्यासारखं होतं. पुढे एका लढवय्या मुलीला कैद करून त्याच गावातून नेलं, ही गोष्ट मला आवडायची. हे सगळं काकांना कळलं कोर्लईच्या एका ख्रिस्ती गड्याकडून. तो त्यांच्याच टोळीत होता, त्याला घरची फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज वळणाची, भाषा येत असे, आणि तिच्या जोरावर तो तिथल्या म्हाताऱ्या उघाडीवाल्याशी कसंबसं बोलायचा. कालव्याच्या दरवाजावर त्या म्हाताऱ्याची नेमणूक होती. काका त्याला 'उघाडीवाला'च म्हणायचे.

त्या म्हाताऱ्यानं सांगितलेली एक गोष्ट मात्र गावाला आवडायची नाही. सांवालरीच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या बांध घालून दर्याकडून जमीन घेतली. जेवढी जमीन वाढली तेवढी पाण्याची जागा कमी झाली. मग कुठे गाळ साचला, कुठे पाणी पूर्वीपेक्षा उंच चढलं, आणि जिथे बांध कच्चा होता तिथून आत आलं. दिवस आणि रात्र सारखे होतात त्या सुमाराला, म्हणजे आपल्या भाद्रपदात, तिथे वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण येतं. धक्क्याच्या भिंतीवर चुन्यानं आकडे लिहिलेले असायचे, आणि उघाडीवाला रोज ते बघून लोकांना सांगायचा.

आमच्या गावात बांधाचा पहारा असे. आषाढापासून प्रत्येक अमावास्या-पुनवेच्या उधाणाला घरटी पाळी लावून माणसं बांधावर बसायची, त्यांच्यासाठी पेंढ्याची खोप असायची. नारळी पुनवेला खाडीला नारळ दिला की त्याच दिवशी ती खोप मोडायची. नारळ दिल्यावर पहारा ठेवायचा म्हणजे दर्यावर अविश्वास दाखवायचा, असं आमचे लोक मानत. कोळी मंडळींना भादव्याचं पाणी ठाऊक होतं, पण बांध त्यांचा नव्हता आणि आम्हीही त्यांना कधी विचारलं नाही. वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं, म्हणून तेच बरोबर.

ज्या वर्षाचं मला सांगायचं आहे त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गावानं समोरच्या काठाची तिवरांची झाडी तोडून तिथे नवी खार बांधली. पुढाकार बाचा. बा गावकीत मानाचा माणूस, शब्दाचा पक्का आणि डोक्यानं गरम. काकांनी भर बैठकीत उठून सांगितलं, "दादा, समोर पानी पसरायचं. तुमी त्याची जागा काढून घेतलीव. आता ते आपल्या बांधावर येनार. आज न्हाय आलं तर भादव्यात येईल." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "गोविंदाचं सांवालरी आलं बघा!" बा हसला नाही. त्या दिवसापासून दोघं भाऊ एका पंगतीला बसत, पण बोलत नसत. आई दोघांना वाढायची आणि दोघांशी वेगवेगळं बोलायची.

काकांनी मग जांभळीचा एक खांब आणून उघाडीजवळ बाहेरच्या अंगाला गाडला. त्यावर चार चार बोटांवर खाचा. चौदावी खाच बांधाच्या माथ्याला. मोजायचं काम माझ्याकडे. मी तेरा वर्षांची होते, चार इयत्ता शिकलेली, आणि काकांनी एवढं काम दिलं म्हणून नाक वर करून चालायची. भरती भरली की जाऊन पाहायचं आणि येऊन आकडा सांगायचा. काका तो पडवीच्या भिंतीवर रेघांनी लिहीत. ज्येष्ठात उधाणाला नऊ. आषाढात दहा. श्रावणात, नारळ दिला त्या दिवशी, दहा आणि वर दोन बोटं. आता पाऊस ओसरला होता, वारा पडला होता, पाणी खरं तर उतरायला हवं होतं. भादव्यातल्या पुनवेला अकरा झालं. भिंतीवरच्या त्या रेघा चढत जाताना बघून मला रात्री झोप यायची नाही असं नाही, पण उघाडीचं झाकण बसलं की मी हातातलं काम टाकून बांधाकडे बघत राहायची.

अकराचा आकडा ऐकून काका पुन्हा गावकीत गेले. या वेळी त्यांनी भांडण केलं नाही, हात जोडले. सर्वपित्री अमावास्येला भरदुपारी भरती असते. नेमक्या त्याच वेळी गावातला प्रत्येक माणूस घरात असतो, पितरांचं पान मांडून कावळ्याची वाट बघत. बांधावर चिटपाखरू नसतं. "त्या एका दिवसाला पाळी लावा," काका म्हणाले, "मग मी जल्मभर त्या गावाचं नाव काढनार न्हाय." शेवटी बाच म्हणाला, "आदल्या दिवशी, चतुर्दशीला, खांबावर बारा भरले तर मी पितर बांधावर घालीन. सगळा गाव घालील. आनि न भरले तर तू गप घरात पानावर बसायचं. कबूल?" काका म्हणाले, "कबूल." बाचा शब्द म्हणजे गावाचा शब्द.

चतुर्दशीला काका तापानं फणफणले होते. दोन दिवस आडवेच होते, छातीत घरघर चालली होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. "सुबे, पानी भरलं की जा. दोनदा मोज. घाई करू नको." मी निघाले. वाटेत उंडीच्या झाडाखाली गंगी आणि आणखी तिघी सागरगोटे खेळत बसल्या होत्या. मला पाहून गंगी म्हणाली, "मडम आली! मडम चालली फ्रान्सला!" त्याच आठवड्यात मला बघायला माणसं येऊन गेली होती, आणि पोरगी खाडीवर आकडे मोजत हिंडते असं बोलून गेली होती. आईनं त्यावरून मला बोल लावले होते. त्यामुळे गंगीचे शब्द मला फार झोंबले. मी म्हटलं, कसलं फ्रान्स, मी तर तुमच्याकडेच आले. आणि खाली बसले. एक डाव म्हणता म्हणता चार झाले. उठले तेव्हा पाणी केव्हाच फिरलं होतं. घरी आले. काकांनी मान उचलून विचारलं, "किती?"

"अकरा," मी म्हणाले.

एवढं सोपं होतं ते. तोंडातून शब्द बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. काकांनी डोळे मिटून घेतले आणि मला वाटलं रडतात की काय. पण ते हसत होते. "सुटलो," ते म्हणाले.

संध्याकाळी आईनं वासरू आणायला पाठवलं, ते बांधाकडे गेलं होतं. ओहोटी होती, खाडीचं पोट उघडं पडलं होतं. खांबाजवळून जाताना मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. पाणी जिथवर चढून गेलं होतं तिथवर खांबाला गाळाचा राखाडी थर वाळून बसला होता. मी खाचांवर बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. तेरा. बांधाच्या माथ्याला एकच खाच उरली होती. वासरू हंबरत होतं आणि मी तिथे किती वेळ उभी होते, कोण जाणे.

मी पळत घरी आले ते सांगायचं म्हणूनच. आजही मला वाटतं, खरंच सांगायचं म्हणून. पण ओटीवर येऊन बघते तर बा आणि काका शेजारी शेजारी बसलेले. कित्येक महिन्यांनी. काकांच्या हातात पेजेचा वाडगा होता, बा त्यांच्या पाठीवर हात फिरवत होता आणि दोघं लहानपणी केलेल्या कसल्याशा चोरीवरून हसत होते. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. बानं माझ्याकडे पाहून म्हटलं, "काय गं, धापा का टाकतंस?" मी म्हणाले, "वासरू पळालं." बाच्या माराची भीती होती, हे खरं. पण त्याहून जास्त, ते दोघं पुन्हा गप्प होतील याची होती. शिवाय मनाशी म्हटलं, इतकी वर्षं बांध टिकलाय, उद्याच कसा जाईल! गाव जे म्हणत होतं तेच मी त्या एका संध्याकाळी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरोघर तळणाचा वास. आईनं तांदळाची खीर केली, उडदाचे वडे, अळूचं फदफदं, लाल भोपळा. आभाळ निळं, वाऱ्याचा पत्ता नाही, पाऊसही नाही. इतका चांगला दिवस त्या महिन्यात झाला नव्हता. मी सकाळपासून तीनदा परसात गेले आणि तीनदा परत आले. सूर्य माथ्यावर येण्याच्या पुष्कळ आधी उघाडीचं झाकण धप्पकन बसलं. आई म्हणाली, "आज लवकर बसलं व्हय गं?" मी केळीची पानं पुसायला घेतली. बानं अंगणात पान मांडलं, पाणी फिरवलं आणि आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. काका खाकी डगला घालून, भिंतीला टेकून. कावळा येईना. शेजारच्या अंगणातही येईना. सगळ्या वाडीत माणसं काव काव करत माना वर करून उभी, आणि माडांवर बसलेले कावळे खाली उतरायला तयार नाहीत. काका सावकाश म्हणाले, "दादा, कायतरी वेगळं हाय." बा म्हणाला, "थांब जरा. कावळा शिवू दे."

मग खाडीकडून बाईचा ओरडण्याचा आवाज आला. मासळीच्या पाट्या घेऊन होडीतून येणारी एक कोळीण होती, ती होडीत उभी राहून गळा फाडून ओरडत होती, "खांड गेली रे! खांड गेली! बांध फुटला!"

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. पानं तशीच टाकून सगळा गाव धावला. बांधाला मोठी खांड पडली होती आणि तांबूस पाणी नुकत्या पोटरीला आलेल्या भातात शिरत होतं. आवाज फारसा नव्हता, नुसती एक सळसळ, आणि भाताची ओळीमागून ओळ दिसेनाशी होत होती. पुरुष एकमेकांच्या हातात हात गुंफून खांडीत उभे राहिले, बायका पेंढा आणि चिखलाचे गोळे देत राहिल्या. मीही दिले. सगळ्यात पुढे, छातीभर पाण्यात, काका. बा त्यांना ओरडून बाहेर ये म्हणत होता आणि ते ऐकत नव्हते. ओहोटी लागल्यावर खांड बुजली. पण खार गेली ती गेलीच. मिठानं पुढे तीन वर्षं तिथे भाताचं रोप धरलं नाही, आणि गावातली निम्मी घरं मुंबईला गिरण्यांत गेली.

चार दिवसांनी गावकी बसली. आम्ही बायका-पोरी कुडाच्या मागे. बा उभा राहिला, आणि त्याच्यासारखा माणूस, सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी. नवी खार मी बांधली. गोविंदा सांगत होता, मी ऐकलं न्हाय." मला वाटलं, आता तरी सुटेल हे. पण काका कोपऱ्यातून उठले. त्यांना उभं राहवत नव्हतं. "दादाची चूक न्हाय," ते म्हणाले. "दादानं शब्द दिला होता. बारा झाले असते तर तो बांधावर बसला असता. खांबावर अकराच होते. अकराला बांध जात न्हाय. म्हंजे खांबच खोटा. मी जे शिकून आलो तेच खोटं. मला काय कळत नव्हतं नि उगाच तुमाला शिकवत हिंडलो." कुणी हसलं नाही. कुडाच्या मागे मी आईचा पदर तोंडात कोंबून उभी होते. घरी आल्यावर काकांनी शेणाचा बोळा घेतला आणि पडवीतलं सांवालरी, टेकडी, धक्का, देऊळ, सगळं सारवून टाकलं. मी मदत करू का म्हणून विचारलं. त्यांनी मला एक कोपरा दिला.

त्या पाण्यात उभं राहिल्यापासून त्यांचा ताप उतरलाच नाही. मार्गशीर्षात ते गेले. जाण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, घरात आम्ही दोघंच होतो. आई कांडायला गेली होती. आज सांगायचंच असं ठरवून मी त्यांच्या उशाशी बसले. म्हटलं, "काका, त्या चतुर्दशीला..." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हाताला नुसती हाडं लागत होती. म्हणाले, "नको काढू ते. आनि त्या गावाचं पन कुनाला सांगू नको, हसतील तुला. माझं चुकलं. पन तू उन्हातान्हात जाऊन खांब बघितलास, येक दिवस चुकली न्हाईस. माझ्यावर इस्वास ठेवनारी तू येकटी." मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी पाणी मागितलं, म्हणून मी तांब्या आणायला उठले. माजघरात मी थोडी थांबले, तांब्या भरायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. परत आले तर त्यांना झोप लागली होती. ती लागलेली पाहून मला किती बरं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.